पाटी जेवत नाही

दिवाळी अंक जवळ आला की संपादकांचे स्मरणपत्र येते, 'यंदा काहीतरी खुसखुशीत होऊ द्या.' आता खुसखुशीतपणा हा चकलीचा गुण आहे आणि आमच्या घरी तो सौ.च्या ताब्यात असतो. माझ्या वाट्याला उरते ती खटपट. या सदराचे नेहमीचे वाचक जाणतातच की, घरातली बिघडलेली वस्तू स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याचा मला नाद आहे. मिक्सरची, गिझरची आणि माडीवरच्या पंख्याची हकिकत याच पानावर येऊन गेली आहे. तिन्ही हकिकतींचा शेवट कारागीर बोलावण्यात झाला, हेही काही वाचकांनी आवर्जून पत्र लिहून मला कळवले होते. तेव्हा यंदाची गोष्ट माझ्या हुशारीची नव्हे, हे आधीच कबूल केलेले बरे.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याच्या दिवशी सकाळीच परळीहून अक्काचा फोन आला. अक्का ही माझी थोरली बहीण. परळी आमच्या अंबाजोगाईपासून तासाभराच्या आतली, त्यामुळे भाऊबीज कधी चुकत नाही.

"उद्या आम्ही दोघं येतोय," अक्का म्हणाली. "ओवाळणी काय घालायची ती घाल, नाहीतर घालू नको. आईची पाटी तेवढी चालू करून ठेव. मला ओव्या ऐकायच्यात."

आईची पाटी म्हणजे काय ते सांगायला हवे. २०१५ साली आमच्या चिरंजिवांनी पहिल्या पगारातून आजीसाठी एक टॅबलेट आणला. सात इंची काच आणि काळी पाठ. आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "ही तर पाटीच की रे! पेन्सिल कुठंय हिची?" त्या दिवसापासून घरात टॅबलेटचे नाव पाटी पडले. बॅटरी उतरली की आई म्हणायची, "पाटीला भूक लागलीय. जेवायला बसवा तिला."

२०२० साली टाळेबंदीत सगळेच घरात कोंडले गेले, तेव्हा आमच्या कन्येने आजीला आवाज मुद्रित करायला शिकवले. लाल ठिपका दाबायचा आणि बोलू लागायचे, एवढेच. आई दुपारी माजघरात वाती वळत बसायची. जाते केव्हाच परसात जाऊन पडले होते; पण ओव्या तिच्या डोक्यात नव्हत्या, हातात होत्या. हात फिरू लागला की ओवी आठवायची. जात्याच्या खुंट्याऐवजी आता कापूस होता, इतकाच फरक. माहेरच्या ओव्या, भावाच्या, रामाच्या, पाऊस लांबलेल्या वर्षीच्या. दीड वर्षात पन्नासावर मुद्रणे झाली. २०२२ च्या पौषात आई गेली. पाटी तिच्या वातींच्या पिशवीत राहिली आणि पिशवी कपाटाच्या खालच्या कप्प्यात.

या ओव्यांची दुसरी प्रत करून ठेवायला हवी, असे मी त्यानंतर निदान वीस वेळा म्हटले असेल. पुरुषमाणूस एखादी गोष्ट वीस वेळा म्हणतो ती न करण्यासाठीच, असे सौ.चे मत आहे. आमच्याच जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी म्हटलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. कॅसेटींवरचे ते आवाज पुढे संगणकावर घेतले गेले, म्हणून आज कोणालाही ऐकता येतात. माझ्या आईच्या ओव्यांसाठी तसे कोणी हिंडणारे नव्हते. एक मुलगा होता, आणि तो 'उद्या करू' म्हणत होता.

तर पाडव्याला दुपारी मी पिशवीतून पाटी काढली. अर्थातच ती ठार बंद होती. अडीच-तीन वर्षे पडून राहिल्यावर दुसरे काय होणार? मी हाताला लागला तो चार्जर घेतला, पिन खुपसली, बटण दाबले. काही नाही. वायर जराशी वर दाबून धरली की काचेवर बॅटरीचे चित्र क्षणभर उमटायचे आणि विझायचे. ते चित्र पाहिले की मी आशेने पाटी चालू करण्याचे बटण दाबी. असे मी दर दोन मिनिटांनी करत होतो. मग वायर संगणकाला लावून पाहिली. मग वायरीवर उशी ठेवली आणि उशीवर शब्दकोश. शेजारचे काका फराळाचे ताट घेऊन आले होते. त्यांनी पाटी तासभर फ्रिजमध्ये ठेवायला सांगितले. त्यांच्या भाच्याने तसे केले होते म्हणे. पुढे भाच्याच्या पाटीचे काय झाले, ते त्यांना आठवेना. सौ.ने फ्रिजमध्ये श्रीखंडाशिवाय कशालाही जागा नाही असे सांगितले, म्हणून तो प्रयोग टळला. तो टळला हे फार बरे झाले. थंड वस्तू बाहेर काढली की तिला घाम फुटतो, आणि तो घाम आतल्या जोडण्यांवरही धरतो.

संध्याकाळी मी बाजारात एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पाडव्याच्या दिवशीही दुकान उघडे होते, ही त्याची मेहेरबानी. त्याने पाटी हातात घेतली, पिन लावली, काढली, आणि पुरत्या अर्ध्या मिनिटात निदान केले.

"बॅटरी मेली काका. हिची बॅटरी आता मिळणार नाही. नवा घ्या, ऑफर चालू आहे."

"पण आत ओव्या आहेत हो."

"काय आहेत?"

"आवाज मुद्रित केलेले."

"ते गेले समजा," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परत येताना माझे पाय जड झाले होते. नऊ वर्षांची वस्तू म्हणजे म्हातारी, हे त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून असेलही. पण आमच्या याच गावात दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी आहे. तिला चार शतके उलटून गेली आणि तिला चार्जर लागत नाही. माझ्या आईची अक्षरे मात्र एका पिनेच्या टोकावर अडकून बसली होती. रात्री सौ.ला सांगितले. ती नुसतेच "वन्संना कसं सांगणार?" म्हणाली आणि पणत्यांत तेल घालायला गेली.

भाऊबिजेला दहाच्या सुमारास अक्का आणि दाजी आले. दाजींचे सारे आयुष्य परळीच्या औष्णिक वीज केंद्रात गेले. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण खिशातला टेस्टर अजून निवृत्त झालेला नाही. माणूस अबोल, आणि वस्तू बिघडली की अधिकच अबोल. मी त्यांना कालची सारी कर्मकथा सांगितली. अक्काचा चेहरा उतरला. दाजींनी चहा संपवला, कपबशी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "बॅटरी मेली हे त्यानं कशावरून ठरवलं?"

"चार्ज होत नाही म्हणून."

"चार्ज होत नाही, का चार्ज पोचत नाही?"

मी गप्प.

"हे बघ," दाजी म्हणाले. "२०१५ साली आमच्या केंद्रातले संच बंद ठेवावे लागले, आठवतंय ना? लोक म्हणायचे, परळीचं केंद्र संपलं. यंत्रं जागच्या जागी उभी होती रे! पाणी नव्हतं. वाफ करायला पाणी लागतं आणि ती वाफ परत थंड करायलाही पाणी लागतं. यंत्राला नावं ठेवायच्या आधी पाणी कुठवर आलंय ते बघावं. भिंतीपासून सुरू कर."

पण भिंतीकडे जाण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली, ती आधी सांगतो, कारण ती सर्वांनीच करण्यासारखी आहे. त्यांनी पाटी टेबलाच्या काचेवर पालथी-उताणी ठेवून पाहिली, कोपऱ्यांवर बोट टेकून ती डुलते का पाहिले, काच कडेने उचलली गेली आहे का हे डोळे बारीक करून पाहिले. असल्या बॅटऱ्या बिघडल्या की त्यांच्या आत वायू धरतो आणि त्या पापडासारख्या फुगतात. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंगचे नावही काढू नये, दाबू नये, टोचू नये. ती पेट घेऊ शकते. तसली वस्तू घरातल्या हौशी माणसाच्या हाती राहूच नये, असे म्हणताना दाजींनी माझ्याकडे का पाहिले ते कळले नाही. आमची पाटी सपाट होती.

मग भिंत. ज्या बोर्डात मी चार्जर लावला होता, त्यातच दाजींनी टेबललॅम्प लावला. लागला. म्हणजे वीज भिंतीपर्यंत आली होती. मग चार्जर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चार्जरच्या पोटावरची मुंगीएवढी अक्षरे वाचली.

"पाच व्होल्ट, अर्धा अँपियर. हा कशाचा रे?"

तो माझ्या एका जुन्या, बटणांच्या फोनचा होता. पाटीचा मूळ चार्जर दोन अँपियरचा, तो चिरंजीव पुण्याला जाताना घेऊन गेले होते. पिन तीच, म्हणून चार्जर तोच, असा माझा समज. दाजी म्हणाले, "नळ तोच असला तरी धार तीच असते का?" संगणकाच्या जुन्या खाचेतूनही बहुधा अर्धा अँपियरच मिळतो. एवढ्या धारेने पाटी भरेल, पण दिवस लागेल. आणि काच उजळलेली ठेवली तर येणारे सगळे तिथेच खर्च होईल. दाजींच्या पिशवीत त्यांच्या फोनचा दोन अँपियरचा चार्जर होता, तो निघाला.

मग वायरीची पाळी आली. माझी वायर तीन मीटर लांब आणि शेवयीसारखी बारीक. जत्रेत स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली. दाजींनी ती दोन बोटांत धरून हिशेब सांगितला. या वायरीचा जाण्यायेण्याचा मिळून अर्धा ओहम रोध धरला आणि तिच्यातून दोन अँपियर न्यायचे म्हटले, तर एक व्होल्ट वाटेतच गळतो. पाचातला एक गेला, उरले चार. बॅटरी पूर्ण भरायला तिच्या टोकांवर चार पूर्णांक दोन व्होल्ट लागतात. आता चारातून चार पूर्णांक दोन कसे द्यायचे? हे गणित मला शाळेत कोणी असे शिकवले असते तर मी आज मराठीत लिहीत बसलो नसतो. वायर बदलली. अक्काच्या फोनची जाड, हातभर लांबीची घेतली.

तरीही पाटी जेवेना.

दाजींकडे एक अंगठ्याएवढा मीटर होता. चार्जर आणि वायर यांच्यामध्ये तो बसवला की किती व्होल्ट आणि किती अँपियर जाताहेत त्याचे आकडे उजळतात. असला मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि घरात असावा. मीटरवर व्होल्ट बरोबर पाच होते. अँपियर शून्य. दाजींचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

"शून्य म्हणजे बरंय," ते म्हणाले. "बॅटरी खराब असली तरी थोडं तरी खाते. इथं घास तोंडापर्यंत जातच नाही. तोंडात काहीतरी आहे. विजेरी आण."

पाटीच्या पिनेच्या खाचेत विजेरीचा उजेड टाकून त्यांनी भिंगातून पाहिले आणि सौ.कडे दात कोरायची लाकडी काडी मागितली. सुई नको, टाचणी नको. आत धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्या वाकतील किंवा एकमेकींना चिकटतील. फुंकरही मारायची नाही, तोंडातली वाफ आत जाते. पाटी वायरीपासून सोडवून, पूर्ण बंद असताना, त्यांनी काडीचे टोक खाचेच्या कडेकडेने हळूहळू फिरवले. पहिल्यांदा थोडी धूळ आली. मग पांढुरके काहीतरी टोकाला लागले. ते चिमट्याने ओढले तर येतच राहिले. दाबून दाबून घट्ट झालेला, काळपट कडेचा, तांदळाच्या दाण्याएवढा कापसाचा बोळा टेबलाच्या काचेवर पडला.

कोणीच काही बोलले नाही. तो कापूस कुठला, हे विचारायची गरज नव्हती. वातींच्या पिशवीतच पाटीचे घर होते. पिशवीत घालताना थोडा कापूस खाचेत जायचा आणि दर वेळी पिन खुपसली की आणखी आत ठासला जायचा. असे पाच-सहा वर्षे चालले असणार. सौ. सवयीने तो बोळा पुसून टाकायला पुढे झाली.

"राहू द्या वहिनी," अक्का म्हणाली. तिने तो रुमालाच्या टोकात बांधला.

पिन पुन्हा लावली. आता ती 'टक्' करून पार आत बसली. आजवर ती अर्धीच बसत होती, हे तेव्हा कळले. मीटरवर आकडा आला, शून्य पूर्णांक एक. काच मात्र काळीच. माझा हात बटणाकडे गेला, तसा दाजींनी तो धरला.

"हात लावू नको. कालपासून तू हेच केलंयस. घोटभर पोटात गेलं की लगेच तिला पळायला लावायचं. उपाशी माणसाला आधी पेज देतात."

ही उपमा नुसती उपमा नव्हती. या लिथियमच्या बॅटऱ्या १९९१ पासून बाजारात आहेत. त्या घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, म्हणजे नऊ वर्षांच्या वस्तूला म्हातारी म्हणणाऱ्यांनी जपून बोलावे. अशी बॅटरी साधारण तीन व्होल्टच्या खाली गेली की तिला एकदम भरपूर वीज देणे धोक्याचे असते. म्हणून पाटीतच एक पहारेकरी बसवलेला असतो. तो प्रथम अगदी बारीक धारेने, एकदशांशाच्या आसपास, वीज सोडतो. बॅटरी तेवढ्याने सावरली तरच दार पूर्ण उघडतो. या काळात काचेवर काही म्हणता काही दिसत नाही. लोक पाच-दहा मिनिटे वाट पाहतात, मेली म्हणतात आणि टाकून देतात. फारच खाली गेली असेल तर पहारेकरी दार उघडतच नाही. मग मात्र जाणत्याकडून बॅटरी बदलून घेणे एवढाच मार्ग. आतले मुद्रण बॅटरीत नसते, वेगळ्या चकतीत असते. म्हणजे बॅटरी गेली म्हणून ओव्या गेल्या, हे दुकानदाराचे म्हणणे तसेही खरे नव्हते.

पाटी टेबलावर ठेवून आम्ही ओवाळणी उरकली, जेवायला बसलो. माझे लक्ष बासुंदीत नव्हते. दोनदा उठून मीटर पाहिला. शून्य पूर्णांक एक. तेवढ्यात लाईट गेली. अक्का दाजींना म्हणाली, "तुमच्या परळीला आजचाच मुहूर्त मिळाला का?" निवृत्त माणसाला असले टोमणे आयुष्यभर ऐकावे लागतात. वीस मिनिटांनी लाईट आली. मी पुन्हा बटणाकडे पाहिले आणि दाजींनी माझ्याकडे.

पावणेदोन वाजता आमची कन्या माजघरातून ओरडली, "बाबा, दीड झाला!" मला वाटले, घड्याळ मागे पडले. ती मीटरचा आकडा सांगत होती. पहारेकऱ्याने दार उघडले होते. काचेवर बॅटरीचे चित्र आले आणि या वेळी ते विझले नाही.

आणखी तासभर थांबून, पंधरा टक्के झाल्यावर दाजींनी परवानगी दिली. पाटी चालू झाली. वर तारीख होती १ जानेवारी १९७०. बॅटरी पार आटली की असल्या यंत्रांचे घड्याळ पुसले जाते, आणि ती काळ मोजतात तो त्या दिवसापासून. अक्का तारखेकडे बघत म्हणाली, "मी पाच वर्षांची होते. आई पहाटे दळायला बसली की मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे." मग ती ठिपक्याकडे बोट नेऊ लागली.

"आधी प्रत," दाजी म्हणाले.

"अहो, एक तरी ऐकू द्या!"

"एकही नाही. ही आत्ता चालू आहे, घटकाभरानं असेल का सांगता येत नाही."

अक्का रुसून खिडकीत जाऊन बसली. मला तिची बाजू पटत होती, आणि दाजींचे म्हणणे खरे होते. पाटी संगणकाला जोडली. त्रेपन्न मुद्रणे होती. ती सगळी संगणकावर आली, मग एका पेनड्राइव्हवर, मग कन्येने ती पुण्याला भावाकडे पाठवली. तीन ठिकाणी झाली. जे काम मी अडीच-तीन वर्षे 'उद्या' म्हणत होतो, त्याला सव्वीस मिनिटे लागली.

दाजींनी स्वतः जाऊन अक्काला बोलावले. पहिले मुद्रण लावले. आधी खरखर, मग कुकरची शिट्टी, मग भांडे पडल्याचा आवाज आणि दुरून सौ.चे "मांजर, मांजर!" मग अगदी कानाजवळ, काचेला तोंड लावून बोलल्यासारखा, आईचा आवाज आला.

"चालू झालं का गं हे?"

"झालं, आई," अक्का म्हणाली.

त्रेपन्नही मुद्रणे अशीच सुरू होतात. नातीने शिकवले तरी लाल ठिपक्यावर आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही अकरा ऐकली. बाराव्या ओवीच्या मध्येच पाटी पुन्हा बंद पडली. बॅटरी आता थकली आहे, भरली तरी दोन तासांवर टिकत नाही. उरलेल्या ओव्या संगणकावर ऐकल्या, पण अक्काला त्यात गोडी वाटली नाही.

तिला आता अर्धीच भरून ठेवतो. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली की या बॅटऱ्या लवकर झिजतात. उन्हाळ्यात आमच्याकडे कपाटेसुद्धा तापतात, म्हणून जागा बदलून तिला माजघरातल्या थंड कोनाड्यात हलवले आहे. दर संकष्टीला सौ. चंद्राची वाट पाहता पाहता पाटीला तासभर जेवायला बसवते. दोन अँपियरचा चार्जर आणि आखूड जाड वायर आता तिथेच खिळ्याला टांगलेली असते, आणि चिरंजिवांनाही तिला हात लावायची परवानगी नाही. यंदा भाऊबिजेला अक्का येणार आहे. आपण बारावीपासून सुरू करू, असे तिने आत्ताच कळवून ठेवले आहे.